यंदाचा पहिला नंबर

४ डिसेंबर

भिंगरी,

तुझं कार्ड पोचलं. मागे कुठल्याशा पुलाचं चित्र आणि पुढे दोन शब्द: "यादी पाठव." दहा महिन्यांत पाच अक्षरं. महिन्याला अर्धं अक्षर पडलं. बहिणीच्या मानाने बरं आहे.

पाठवते. मी सतरा वर्षांची होते आणि तू अकराची, तेव्हापासून गेल्या वर्षीचा सोडून एकही डिसेंबर यादीशिवाय गेलेला नाही. वर्षातले पाच कार्यक्रम, पाच अल्बम, वहीत आधी मी लिहायचं, मग तू खोडायचंस. आई म्हणायची, यांना परीक्षेच्या अभ्यासाला एवढं भांडताना कधी पाहिलं नाही. गेल्या वर्षी आई गेल्यामुळे यादी राहिली. यंदा तू आहेस तिकडे, मी आहे इथे, त्यामुळे खोडणारं कुणी नाही. मी लिहीन ती शेवटची.

एक आधीच सांगते. घोगरीचा एकही कार्यक्रम मी यंदा ऐकलेला नाही. वेळच झाला नाही. दातांच्या दवाखान्यांकडून इतके ठसे येतायत की मालकांनी दुसरं टेबल मांडलंय. जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी यंदाच दात काढायचे ठरवलेले दिसतात. दिवसभर मेणात दात लावायचे, साचे भरायचे, कवळ्या घासायच्या, घरी यायचं. तेव्हा घोगरीचं काय चाललंय ते तुलाच माहीत. तिच्या मागे तू गातेस, मी नाही.

तर कार्यक्रम. वाचनालयातला म्हातारा चेलोवाला. रविवारी सकाळी अकराला, वर्तमानपत्रांच्या घोडीसमोर खुर्ची टाकून बसला. साठ-सत्तर माणसं. मधेच तार तुटली. दुसरा कुणी असता तर हसला असता, विनोद केला असता. त्याने खिशातून नवी तार काढली, शांतपणे बसवली, जुळवली, सहा-सात मिनिटं तरी गेली. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग त्याने ती रचना जिथे तुटली तिथून नाही, अगदी पहिल्यापासून वाजवली. हा तिसरा.

दुसरा नंबर क्रीडासंकुलातल्या चार भावंडांच्या बँडला. सगळी पितळी वाद्यं. धाकटी ट्रंपेट वाजवते, गोरीगोमटी, उड्या मारते, टाळ्या सगळ्या तिला. थोरलीकडे ते अजस्र भोंग्याचं वाद्य, बसून वाजवायचं. ती दीड तास एका जागी बसून सगळ्यांचा ताल सांभाळत होती. ती थांबली असती तर बाकीची तिघं तोंडावर आपटली असती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी बघत होते.

पहिला नंबर अजून रिकामा आहे.

अल्बममध्ये सध्या एकच सांगते, «उरलेला मंगळवार». एक बाई नुसता माउथ ऑर्गन वाजवते, मागे काही नाही. मी कामावर लावते. मालक म्हणतात, हे ऐकून मेणातले दात हलतात.

घर ठीक आहे.

ताई

१० डिसेंबर

भिंगरी,

"खांबाआड उभं राहिलं की माणूस दिसेनासा होतो असं वाटतं का तुला? स्वतःची उंची बघ."

तुझं हे वाक्य वाचून आधी राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला. तर हो. गेले होते. ऑगस्टमध्येच नाही, चार वेळा गेले. मार्चमध्ये, मेमध्ये, ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरला तर बसने पाच तास जाऊन. मालकांना सांगितलं, मावशी आजारी आहे. आपल्याला मावशी नाही हे त्यांना माहीत नाही.

यादीत खोटं लिहायचं नाही हा नियम मीच केला होता, म्हणून आता नीट सांगते.

घोगरी आपली होती. आधी माझी होती. तू दुधाच्या दातांची होतीस तेव्हा मी तिचा पहिला अल्बम मैत्रिणीकडून आणला आणि तुला शेजारी बसवून ऐकवला. तू म्हणालीस, हिला सर्दी झालीय का. घोगरी हे नाव मी ठेवलं. मागचा सूर कुठला, पुढचा कुठला, हे ऐकायला तुला मी शिकवलं. आणि तीन वर्षांपूर्वी तिला मागे गायला मुलगी हवी आहे हे पेपरात मीच वाचलं आणि मीच तुला म्हटलं, जाऊन तर ये. मला वाटलं, तू जाशील, हात हलवत परत येशील, आणि आपण दोघी रडू-हसू. तू परत आलीस ती बॅग भरायला.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. मी पिकवलं, विकलंस तू.

ऑगस्टचं सांगते. मोठं नाट्यगृह, चढता उतार, मी अगदी मागे, खांबाआड. तू डाव्या बाजूला, पिवळा सदरा, हात मागे बांधून उभी. लहानपणी ओरडा बसला की उभी राहायचीस तशी. घोगरीने नव्या अल्बममधली गाणी घेतली. मी अल्बम तोवर ऐकला नव्हता. जूनमध्ये आला होता, दुकानाच्या काचेत दिसत होता, मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मग दिवे उतरले आणि ती म्हणाली, हे गाणं फक्त एका ओळीचं आहे, बाकी सगळं त्या ओळीभोवती फिरतं. आणि तू गायलीस. ती नाही, तू.

"चपला दारात आहेत, म्हणजे माणूस घरात आहे."

भिंगरी, जानेवारीत मी तुला पत्र लिहिलं होतं. आई जाऊन दोन महिने झाले होते. तू तिसऱ्या दिवशी येऊन सहा तासांत परत गेली होतीस. मी लिहिलं होतं: आईच्या चपला अजून दारातच आहेत, मला हलवाव्याशा वाटत नाहीत, चपला दारात आहेत म्हणजे माणूस घरात आहे. त्या पत्राचं उत्तर तू दिलं नाहीस. मला वाटलं, तुला रडू आलं असेल म्हणून लिहिलं नसेल. आणि आठशे माणसांसमोर तू उत्तर म्हणून माझंच वाक्य मला ऐकवत होतीस, सुरात.

शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला. म्हणाल्या, "तुमचं कुणी गेलंय का?"

मी म्हटलं, "नाही. गाणं चांगलं आहे."

बाहेर येऊन अल्बम हातात घेतला. «दाराशी». मागे बारीक अक्षरांत: शब्द, आणि पुढे तुझं नाव, आडनावासकट. मी तिथेच ठेवून आले. दुसऱ्या दिवशी जाऊन विकत घेतला. या वर्षीचा तो सगळ्यांत चांगला अल्बम आहे. हे वाक्य मी तीनदा खोडलं, का ते तुला कळणार नाही. तू शेंडेफळ. तुला कधी कुणाचा हेवा करावाच लागला नाही, सगळं आपोआप तुझ्याकडे चालत आलं.

ताई

१५ डिसेंबर

काल तू कामाच्या ठिकाणी फोन केलास ते फार वाईट केलंस. मी हातात गरम मेण धरलं होतं. आणि तू बोलायला लागताच मालकांनी पॉलिशचं यंत्र बंद केलं. मला ऐकू यावं म्हणून नाही, त्यांना ऐकू यावं म्हणून.

तू म्हणालीस, "चपला कुणी आणल्या होत्या?"

मी म्हटलं, "तू."

"कधी?"

"पहिल्या दौऱ्यावरून आलीस तेव्हा."

"तिला दुसऱ्या चावायच्या, या चावत नव्हत्या. मी तीन दुकानं हिंडले होते. मग?"

"मग काय? चपला तुझ्या, पाय आईचे, वाक्य माझं."

"पत्र मला लिहिलं होतंस."

"पत्र तुझं. वाक्य माझं."

तेव्हा तू म्हणालीस, "ताई, ती तुझ्या एकटीची आई होती का?" आणि मी फोन ठेवला. मेण हातावर सांडलं होतं, अंगठ्याला फोड आलाय. मालकांनी मलम आणून दिलं आणि म्हणाले, आजारी मावशी का? मी म्हटलं, हो, तीच.

उत्तर तेव्हा दिलं नाही, आता देते. नाही, माझ्या एकटीची नव्हती. माझी तर ती फारच थोडी होती.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. तुझ्या आधीच्या अल्बममध्ये एका गाण्यात तुला एकटीला बारा सेकंद होते. आईने ते बारा सेकंद शेवटचे तीन महिने रोज ऐकले. सकाळी उठल्यावर, औषधाआधी, औषधानंतर. डॉक्टर आले तर त्यांना, सिस्टर आल्या तर त्यांना. "हा मागचा बारीक आवाज आहे ना, ही माझी." मी चादर बदलत असायचे, आणि ती म्हणायची, थांब, आवाज करू नकोस, तिची ओळ येतेय. एकदा मी तिच्या पायाची नखं कापत होते. म्हणाली, हळू, तिची ओळ येतेय. मी कात्री हातात धरून बसून राहिले, बारा सेकंद.

मी तिच्याजवळ होते म्हणून मी दिसत नव्हते. तू दूर होतीस म्हणून तू सारखी येत होतीस. शेवटी शेवटी ती मला तुझ्या नावाने हाक मारायची आणि मी ओ द्यायचे. वाद कशाला घालायचा.

असो. यादी. चौथा कार्यक्रम बागेतल्या चौथऱ्यावरचा, ते सहा जण जे फक्त तोंडाने सगळी वाद्यं काढतात. छान होता. पाचवा कुठला ते ठरलं नाही. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

ताई

२० डिसेंबर

भिंगरी,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मी तीनदा वाचलं. कामावरून लवकर निघाले, घरी आले, टेबल पुसलं, आणि आता लिहायला बसलेय. हे एका बैठकीत लिहिलं नाही तर परत होणार नाही.

तू लिहितेस की अल्बम काढणाऱ्या कंपनीला निनावी पत्र आलं होतं. त्या एका ओळीचे शब्द चोरीचे आहेत, ज्या मुलीचं नाव छापलंय तिने ते लिहिलेले नाहीत, असं. कंपनीने नोव्हेंबरात चौकशी काढली. तुला विचारलं आणि तू गप्प बसलीस. मग ते गाणं कार्यक्रमातून काढलं, आणि गेले दोन कार्यक्रम तुला मंचावर उभं राहू दिलं नाही. तू विंगेत वायरी गुंडाळतेस. घोगरी तुझ्याशी कामापुरतं बोलते.

आणि पुढे लिहितेस की पत्र ड्रमवाल्याने लिहिलं असं सगळ्यांना वाटतंय. उन्हाळ्यात गाडीतल्या जागेवरून तुमचं भांडण झालं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, तुला कुणी आणलंय इथे ते बघतो. म्हणून मॅनेजरने त्याला सांगितलंय, रविवारचा कार्यक्रम शेवटचा. एकोणीस वर्षं तो घोगरीबरोबर आहे. तो शपथा घेतोय आणि कुणी ऐकत नाही. तू लिहितेस: "मला आधी बरं वाटलं. आता वाटत नाही. तो रडला, ताई."

पत्र मी लिहिलं.

सप्टेंबरच्या कार्यक्रमाहून परत आल्यावर, दोन दिवसांनी. दुपारी मालक कवळ्या पोचवायला गेले होते. त्यांच्याच कॉम्प्युटरवर लिहिलं, छापलं, घराजवळच्या पेटीत न टाकता स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं. खाली सही केली, एक रसिक. त्या दोन शब्दांवर मी खूप वेळ घालवला होता. एक हितचिंतक लिहावं का, असंही वाटलं होतं.

ते पत्र मी का लिहिलं, ते मी स्वतःला खूपदा विचारलं. सप्टेंबरला कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या दाराशी गेले होते. तुला भेटायलाच गेले होते, खरंच. पाच तासांच्या बसमध्ये मी काय बोलायचं ते ठरवलं होतं. दार उघडलं आणि तू आणि घोगरी बाहेर आलात. तिने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तुझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली, एखादी आई करेल तशी. मी गाडीच्या मागे होते. मला वाटलं, हिला एक आई पुरली नाही. माझी घेतली, आता हीही घेतली. मी न बोलता बसस्टँडवर गेले.

पत्र टाकल्यावर मी रोज वाट बघायचे. पेपर उघडला की आधी तेच पान. काही झालं नाही की चिडचिड व्हायची. नंतर विसरले असं लिहिणार होते, पण विसरले नव्हते. त्या चार डिसेंबरच्या पत्रात मी तुला चेलोवाल्याची गोष्ट सांगत होते तेव्हाही मनात हेच होतं की हिच्या कानावर काही आलंय का.

तुला पाण्यात पाहत होते. त्यात तो माणूस बुडाला.

हे पत्र तू कुणालाही दाखव. मी रविवारी येतेय, तुमचा कार्यक्रम आपल्याच गावात आहे. या वेळी मावशी आजारी नाही.

ताई

२७ डिसेंबर

भिंगरी,

तू उत्तर दिलं नाहीस, फोन उचलला नाहीस, ते बरोबरच होतं. काल आपण बोललो ते चार मिनिटं, तेही लोक सामान उचलत असताना. तू तेव्हा विंगेतच होतीस, म्हणून आत काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसेल. मी सांगते.

कार्यक्रम चारचा. मी दोनला मागच्या दाराशी उभी राहिले. दारावरच्या माणसाला सांगितलं, निनावी पत्र लिहिणारी आलीय म्हणून कळवा. तो म्हणाला, नाव? मी म्हटलं, तेच तर नव्हतं. त्याने आत जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, पण पाच मिनिटांत मला बोलावलं.

पंचवीस वर्षं मी ठरवत आले होते की घोगरी समोर आली तर काय म्हणायचं. ती खुर्चीत बसली होती, दोन्ही पाय गरम पाण्याच्या टबात, नाकावर चष्मा, हातात गाण्यांचा क्रम. मी नुसती पिशवी दोन्ही हातांनी धरली. ती म्हणाली, "बसा. नखांत काय आहे, चुना?"

"प्लास्टर. मी कवळ्या बनवते."

"आणि पत्रं?"

"एकच."

तिने चष्मा काढला. "मी कंपनीला म्हटलं होतं, एवढं शुद्ध आमचा ड्रमवाला लिहूच शकत नाही. त्यांना पटलं नाही." मग आवाज बदलून म्हणाली, "पण मीही जोर लावला नाही. मला वाटलं, कटकट नको. तेही खरं आहे."

मी जानेवारीच्या पत्राची गोष्ट सांगितली, आईची सांगितली, तू माझी बहीण आहेस हे सांगितलं. तिला माहीत नव्हतं. तू तिला इतकंच सांगितलं होतंस की ओळ घरातली आहे. ऐकून ती म्हणाली, "मग ओळ तुमची आहे, आणि पत्र टाकून तुम्ही बरोबरच केलं असं म्हणायला आलात का?"

"नाही. सही करायला आले."

तिने ड्रमवाल्याला बोलावलं. मला म्हणाली, आता जे मला सांगितलं ते यांना सांगा. ते पाण्यातल्या पायांसमोर सांगणं सोपं होतं, त्याच्यासमोर नव्हतं. तो उंच, वाकलेला, टक्कल पडलेला माणूस, हातात काठ्या. सगळं ऐकून घेतलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझ्या बायकोलासुद्धा वाटलं, मीच लिहिलं." एवढंच म्हणाला आणि गेला. मला माफ केलं नाही. मी तशी अपेक्षाही करत नव्हते, असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण करत होते.

मग मॅनेजर कागद घेऊन आला. पुढच्या आवृत्तीला पान नव्याने छापायचं होतं, माझी परवानगी हवी होती. "शब्द" असं लिहून पुढे जागा रिकामी. घोगरी म्हणाली, "एक नाव की दोन? तुम्ही सांगाल तसं. एक सांगितलंत तरी मला चालेल, हक्क तुमचा आहे."

 मॅनेजरने दोनदा घड्याळ बघितलं. मला एकच हवं होतं, भिंगरी. तुझ्यापासून लपवून काय उपयोग. घोगरीच्या अल्बमवर माझं एकटीचं नाव. पंचवीस वर्षं मी तिच्या अल्बमवरची सगळी बारीक अक्षरं वाचत आलेय, कोणी वाजवलं, कोणी जुळवलं, चहा कोणी दिला. मग मी दोन लिहिली. तुझं खाली, माझं वर. ते तेवढं मी सोडलं नाही.

कार्यक्रमाला मी तिसऱ्या रांगेत होते. समोर खांब नव्हता. ड्रमवाला जागेवर होता, आणि त्याने काल जे वाजवलं ते मी आजवर त्याचं कधी ऐकलं नव्हतं. जोरात नाही, हलकं, आणि प्रत्येक ठोका जणू आधी विचारून. शेवटून दुसरं गाणं ते चपलांचं. तू डावीकडून आलीस. घोगरीने काही सांगितलं नाही, नावं घेतली नाहीत, नुसतं तुझ्याकडे बघून मान हलवली. तू अर्धी मात्रा उशिरा घेतलीस. सगळ्या सभागृहात ते फक्त तीन माणसांना कळलं असेल, तिला, त्याला आणि मला. आणि मग तू सावरलीस, आणि लोक तुझ्याकडे बघायला लागले. नाव माझं वर आहे, पण बघत तुझ्याकडेच होते. तेव्हाही जळलं. पूर्वीइतकं नाही असं लिहायला हात गेला होता, पण यादीत खोटं नाही. तेवढंच जळलं. आणि तरी तो या वर्षीचा पहिला नंबर आहे. कितीही वेळा मोजलं तरी पहिलाच.

बाहेर तू वायरी गुंडाळत होतीस. मला बघून थांबली नाहीस. मी म्हटलं, "घरी येतेस का? तुझी खोली आहे तशीच आहे."

तू म्हणालीस, "गाडी साडेसातला निघते."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

तू म्हणालीस, "हो." कोपरावर वायरीचे दोन वेढे घेतलेस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मी सहा तासांत का गेले माहितेय? तू सगळं करत होतीस. कुठलं भांडं कुठे, कुठलं औषध उरलं, कुणाला फोन करायचे. मी कुठे उभी राहू ते मला कळत नव्हतं. तुला ती तीन महिने मिळाली, ताई. मला एक वाक्य मिळालं. तेही तुझं."

आणि कुणीतरी तुला हाक मारली आणि तू गेलीस.

मी घरी आले, अंग टाकलं. आज सुट्टी घेतलीय. सकाळपासून कागद समोर आहे. मी तुझ्यावर जळत होते तेव्हा तू माझ्यावर जळत होतीस, आणि तेही कशासाठी, तर त्या तीन महिन्यांसाठी, जे मी औषधांच्या वेळा मोजत काढले. मला ते कधी मिळकत वाटलेच नाहीत. पण त्यातला एक दिवस असा आहे, जो मी कुणाला सांगितलेला नाही. लपवून ठेवला होता.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातला सोमवार होता. आई फार वाळली होती, त्यामुळे तिची कवळी सैल झाली होती. तिला पातळ काही खायला द्यावं तर ती म्हणायची, मला चावायचंय. मी ती कवळी आधी दोनदा कामावर नेऊन आतून भरून आणली होती. त्या दिवशी तिसऱ्यांदा आणली, आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत तिला बसवलं, खिडकीपाशी, कारण तिला रस्ता बघायचा होता. मी कवळी बसवली आणि हिरडीला कुठे लागतेय का ते बघायला बोट आत घातलं. ती चावली. चांगली करकचून चावली. मी ओरडले. ती म्हणाली, "चावतं की नाही ते बघत होते." आणि हसायला लागली. तिला हसताना धाप लागायची म्हणून मी म्हटलं, हसू नकोस, आणि मलाच हसू आवरेना. ती माझ्या बोटाकडे बघून म्हणाली, "काम चांगलं करतेस हो तू." मग तिने पावाचा तुकडा मागितला, टणक, कडेचा, आणि तो पूर्ण खाल्ला. तिला अर्धा तास लागला. मी समोर बसून राहिले. आम्ही रस्त्यावरच्या लोकांची थट्टा केली. एका माणसाची टोपी उडाली तेव्हा ती इतकी खूश झाली की टेबलावर हात आपटला.

त्या दिवशी तिने तुझं नाव घेतलं नाही. बारा सेकंद लावायला सांगितले नाहीत. तीन महिन्यांत असा हा एकच दिवस, म्हणून तो मी माझ्याजवळ ठेवला होता.

आता तो तुलाही.

ताई